मागचं दार कुणी उघडलं? लायब्ररी बदलते आणि आपला कोड गुपचूप मोडतो

(एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी इथे घातल्या आहेत, आणि 'म्हणजे', 'अं', 'तर' यांची खोगीरभरती काढून टाकली आहे.)



साल १९९८, डिसेंबर महिना. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जाव्हाची १.२ ही आवृत्ती आणली. तिच्यात 'हॅशटेबल' नावाच्या जुन्या क्लासला एक नवीन मेथड मिळाली: 'एंट्रीसेट'. जुनी एकही मेथड काढली नव्हती, एकीचंही नाव बदललं नव्हतं. फक्त एक सोय वाढवली होती. आणि त्या सोयीमुळे जाव्हाच्याच सुरक्षाव्यवस्थेला भोक पडलं. कंपायलर काही बोलला नाही. बोलायला त्याच्याकडे कारणच नव्हतं, कारण नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

हे कसं घडलं ते सांगतो. पण त्यासाठी आधी एका टोलनाक्यावर जावं लागेल. आपल्याकडच्या नाही, नॉर्वेमधल्या, आणि तोही कागदावरच्या.

ट्रक, बस आणि रांग

१९६० च्या दशकात ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगोर हे दोघं 'सिम्युला' नावाची भाषा बनवत होते. खऱ्या जगातल्या हालचालींची नक्कल संगणकात करायची, हा तिचा उद्देश. कारखान्यातलं काम कुठे तुंबतं, रांगा किती लांबतात, असले प्रश्न. १९६६-६७ च्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर एक उदाहरण होतं: पुलावरचा टोलनाका आणि त्याच्यासमोर उभी असलेली ट्रक आणि बसची रांग.

आता रांग लावायचा कोड त्यांच्याकडे तयार होता. पण रांगेत उभं राहायचं तर प्रत्येक वाहनाला 'माझ्या पुढे कोण, मागे कोण' हे माहीत हवं. ट्रकला हे शिकवायचं, मग बसला वेगळं शिकवायचं, उद्या टेम्पो आला की त्याला परत तेच. त्यांनी उपाय काढला तो असा: 'रांगेत उभं राहता येणारी वस्तू' एकदाच लिहायची, आणि ट्रकची व्याख्या करताना ती आधी जोडायची. ट्रक म्हणजे रांगेतली वस्तू, अधिक ट्रकच्या स्वतःच्या खास गोष्टी. बसचंही तसंच.

हाच तो इनहेरिटन्स, जो आज इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला 'ॲनिमल क्लास, डॉग क्लास' करून शिकवतात आणि पोरं परीक्षेपुरता पाठ करतात. मला नेहमी वाटतं की कुत्र्या-मांजरांऐवजी टोलनाका शिकवला असता तर बरं झालं असतं. कारण त्यातून एक गोष्ट लगेच दिसते: इनहेरिटन्सचा जन्मच मुळी दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड वापरता यावा म्हणून झाला. आज ज्याला आपण लायब्ररी म्हणतो, त्याच्यासाठी.

मे १९६७ मध्ये ओस्लोजवळच्या लिसेबू इथे भरलेल्या परिषदेत ही कल्पना जगासमोर आली. पुढे तिच्यासोबत आणखी एक गोष्ट रुळली, 'व्हर्च्युअल' मेथड. मूळ क्लास एक काम ठरवतो, आणि ते कसं करायचं हे त्याच्यापासून बनलेला क्लास आपल्या पद्धतीने ठरवू शकतो. याला आपण 'ओव्हरराइड' करणं म्हणतो. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा शब्द येणार आहे, तेवढा लक्षात ठेवा.

ज्यांनी कधी कोड लिहिलेला नाही त्यांच्यासाठी: क्लास म्हणजे साचा, मेथड म्हणजे त्या साच्यातून निघालेल्या वस्तूला करता येणारं काम. दुसऱ्याच्या साच्यावरून आपला साचा बनवला की त्याची सगळी कामं आपोआप आपल्याला येतात. इथे कॉपी-पेस्ट नाही. मूळ साच्याशी आपला साचा जोडलेला राहतो. मूळ साचा उद्या बदलला, तर आपलाही बदलतो. आपण झोपलेलो असलो तरी.

सिम्युलाच्या काळात यात फारशी भीती नव्हती. मूळ क्लास कुणी लिहिला, त्यावरून कुणी काय बनवलं, हे बहुतेक वेळा एकाच इमारतीत कळायचं. बदल केला, सगळं परत कंपाइल केलं, विषय संपला. खरी पंचाईत झाली ती मूळ क्लास एका कंपनीचा, त्याच्यावरचा क्लास दुसऱ्या कंपनीचा, आणि वापरणारा तिसराच, अशी वेळ आली तेव्हा.

चाळीतले खोली नंबर

केंब्रिजमध्ये पीएचडी करताना बियार्न स्ट्रूस्ट्रुपने सिम्युला वापरली होती आणि ती त्याला फार आवडली होती. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्याने सी या भाषेत क्लास घालायला सुरुवात केली. त्यातून सी प्लस प्लस झाली आणि १९८५ मध्ये ती बाजारात आली. वेग हा तिचा धर्म. त्यामुळे व्हर्च्युअल मेथड बोलवायची तर तिचं नाव शोधत बसायचं नाही. प्रत्येक क्लासची एक यादी बनवायची आणि कंपाइल केलेल्या प्रोग्रॅममध्ये फक्त नंबर लिहायचा: यादीतली चौथी मेथड चालव.

आता समजा एका चाळीत पत्ते नावाने नाहीत, फक्त खोली नंबराने आहेत. मालकाने तिसऱ्या आणि चौथ्या खोलीच्या मध्ये एक नवी खोली बांधली आणि सगळ्या दारांवर नवे नंबर टाकले. पोस्टमनच्या हातातली पत्रं मात्र जुन्याच नंबरांची. चौथ्या खोलीचं पत्र आता भलत्याच घरात जाणार, आणि पोस्टमनला यात काही चुकल्याचं कळणारही नाही. सी प्लस प्लसमध्ये नेमकं हेच व्हायचं. लायब्ररीवाल्याने मूळ क्लासच्या यादीत मध्येच एक व्हर्च्युअल मेथड वाढवली, की जुना कंपाइल केलेला प्रोग्रॅम 'चौथी' म्हणून दुसरीच मेथड चालवायचा. कधी लगेच क्रॅश, कधी चुकीचं उत्तर. या दुखण्याला पुढे नाव पडलं 'फ्रॅजाइल बेस क्लास', म्हणजे ठिसूळ पाया.

१९९० च्या दशकात यावर जे उपाय निघाले ते बघण्यासारखे आहेत, कारण प्रत्येकात त्या त्या कंपनीचा स्वभाव दिसतो.

आयबीएमने मोठं यंत्र उभारलं. १९९२ च्या ओएस/२ २.० मध्ये 'सिस्टिम ऑब्जेक्ट मॉडेल', थोडक्यात 'सॉम', आलं. पाया बदलला तरी वरचे प्रोग्रॅम परत कंपाइल करावे लागू नयेत, हा त्याचा एक मुख्य हेतू. कल्पना उत्तम होती, पण ओएस/२ मागे पडली आणि तिच्यासोबत सॉमही.

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये 'कॉम' आणलं, आणि त्यात सरळ नियम केला: एकदा जाहीर केलेला इंटरफेस गोठला. त्यात नंतर काही वाढवायचं नाही, काही काढायचं नाही. नवीन काही हवं असेल तर नवीन इंटरफेस काढा. म्हणून विंडोजमध्ये 'आय-कॉन्टेक्स्ट-मेनू' आहे, मग 'आय-कॉन्टेक्स्ट-मेनू-२' आहे आणि 'आय-कॉन्टेक्स्ट-मेनू-३' पण आहे. दिसायला कुरूप, पण जुना प्रोग्रॅम चालतो. विंडोजची ही हट्टी सवय मला मनापासून आवडते.

आणि तिसरा उपाय 'बीओएस' नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा! त्यांनी आपल्या क्लासमध्ये आधीच काही निरुपयोगी व्हर्च्युअल मेथड टाकून ठेवल्या. नावंही तशीच, 'रिझर्व्ह्ड विंडो १', 'रिझर्व्ह्ड विंडो २'. उद्या खरी मेथड आली की ती या राखीव जागेवर बसवायची, म्हणजे बाकीच्यांचे नंबर हलत नाहीत. बीओएस गेली, पण तिच्यावरून बनवलेली 'हायकू' ही सिस्टिम आजही चालू आहे आणि तिच्या कोडमध्ये हे रुमाल अजून पसरलेले दिसतात.

नावं आली, नंबर गेले, दुखणं राहिलं

मग जाव्हा आली. जानेवारी १९९६ मध्ये पहिली आवृत्ती. जाव्हाने नंबरांचा प्रश्न मुळातून सोडवला. कंपाइल केलेल्या फाइलमध्येही मेथडचं नाव आणि तिचे प्रकार लिहिलेले असतात, आणि प्रोग्रॅम चालताना ते जुळवले जातात. मध्ये कितीही खोल्या बांधा, पत्र नावावर येतं. भाषेच्या अधिकृत नियमग्रंथात यावर एक आख्खं प्रकरण आहे, तेरावं, आणि त्यात आयबीएमच्या सॉमवरच्या कामाचा आदराने उल्लेख आहे. सॉम मेलं, पण त्याचा अभ्यास कामी आला.

इथे बऱ्याच जणांना वाटलं की ठिसूळ पायाचा प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता, तो फक्त एक मजला वर सरकला होता.

१९९८ मध्ये लिओनिद मिखाइलोव आणि एमिल सेकेरिन्स्की या दोन अभ्यासकांनी याच विषयावर ब्रुसेल्सच्या ईकूप परिषदेत निबंध मांडला. त्यांनी दोन दुखणी वेगळी केली. एक, बांधणीचं: नंबर हलणं, परत कंपाइल करावं लागणं. दुसरं, अर्थाचं: सगळं जुळतं, सगळं कंपाइल होतं, पण पायातला कोड आतून वेगळं वागायला लागतो आणि वरच्या कोडचा अर्थ बदलतो. पहिल्यावर यंत्र उपाय करू शकतं. दुसऱ्यात यंत्राला चूक दिसतच नाही.

दुसऱ्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जाव्हा' या २००१ च्या पुस्तकात आहे. 'हॅशसेट' म्हणजे वस्तूंचा संच. त्यावरून तुम्ही आपला क्लास बनवता, जो आजवर किती वस्तू टाकल्या हे मोजतो. 'ॲड' म्हणजे एक वस्तू टाकणं, ती मेथड ओव्हरराइड करून तुम्ही मोजणीत एक वाढवता. 'ॲडऑल' म्हणजे एकदम बऱ्याच टाकणं, तिथे जेवढ्या वस्तू तेवढे वाढवता. दोन्ही झाल्यावर मूळ क्लासची मेथड बोलवता. चोख काम. मग 'ॲडऑल'ने तीन वस्तू टाका आणि मोजणी विचारा. उत्तर येतं ६.

का? कारण हॅशसेटची 'ॲडऑल' आतून प्रत्येक वस्तूसाठी 'ॲड'लाच बोलावते. आणि 'ॲड' तर तुम्ही ओव्हरराइड केलेली, म्हणजे फिरून तुमच्याच 'ॲड'मध्ये येते. तीन तुम्ही आधीच मोजले, तीन पुन्हा मोजले गेले.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, आपली 'ॲडऑल' काढून टाकू. काढा. आज उत्तर ३ येईल. पण आता तुमचा कोड लायब्ररीच्या पोटातल्या एका सवयीवर उभा आहे, जी पाळायचं वचन कुणीही दिलेलं नाही. उद्या कुणीतरी वेगासाठी 'ॲडऑल' नव्याने लिहिली आणि तिने 'ॲड'ला बोलावणं बंद केलं, की तुमची मोजणी ० दाखवेल. लायब्ररीवाल्याच्या दृष्टीने त्याने काहीच मोडलेलं नाही. बाहेरून बघितलं तर 'ॲडऑल' आधीही वस्तू टाकत होती, आताही टाकते.

तिसरं दार

आता परत त्या तिजोरीकडे येऊ. ही हकिकत जाव्हाच्याच अधिकृत सुरक्षित-कोडिंग सूचनांमध्ये, इनहेरिटन्सबद्दल सावध करताना, दिलेली आहे.

जाव्हात 'प्रोव्हायडर' नावाचा क्लास आहे. त्याचं काम एका नोंदवहीसारखं: 'आरएसए' हे नाव कुणी विचारलं तर एन्क्रिप्शनचं ते काम प्रत्यक्ष करणारा क्लास कुठला, हे तो सांगतो. नाव आणि त्याच्यासमोर क्लास, अशा जोड्या. आता अशा जोड्या ठेवायला जाव्हात आधीच 'हॅशटेबल' होतं. त्याच्यावरून 'प्रॉपर्टीज' नावाचा क्लास बनला होता. आणि 'प्रॉपर्टीज'वरून 'प्रोव्हायडर' बनवला गेला. आजोबा, बाप, नातू. टोलनाक्याचीच युक्ती: तयार आहे, वापरून टाकू.

पण ही नोंदवही साधी नव्हती. त्या काळी इंटरनेटवरून उतरवलेला परका कोड, ज्याला ॲप्लेट म्हणायचे, आपल्या मशीनवर चालायचा. त्याला नोंदवहीत हात घालता येऊ नये म्हणून 'प्रोव्हायडर'ने आजोबांच्या दोन मेथड ओव्हरराइड केल्या: 'पुट', म्हणजे नोंद घालणं, आणि 'रिमूव्ह', म्हणजे नोंद काढणं. दोन्हींत आधी 'सिक्युरिटी मॅनेजर'ला विचारायचं, याला परवानगी आहे का? नसेल तर हाकलून द्यायचं. घराला दोन दारं, दोन्हींवर राखणदार. छान.

मग १.२ आली. तिच्यात जाव्हाला पहिल्यांदाच याद्या, संच, नकाशे यांची नीट आखलेली चौकट मिळाली, कलेक्शन्स फ्रेमवर्क. जुनं हॅशटेबलही त्या चौकटीत बसवायचं ठरलं, आणि चौकटीच्या नियमानुसार त्याला 'एंट्रीसेट' ही मेथड द्यावी लागली. ही मेथड सगळ्या नोंदींचा एक संच हातात देते. आणि हा संच नुसता बघायचा नसतो. त्यातून एखादी नोंद काढली की मूळ टेबलमधूनही ती जाते.

आजोबांच्या घराला तिसरं दार निघालं. ते वारशाने नातवाच्या घरालाही आलं. आणि नातवाचे राखणदार दोनच.

'प्रोव्हायडर'मध्ये 'एंट्रीसेट' ओव्हरराइड करायचं राहून गेलं. त्यामुळे परका कोड 'रिमूव्ह'च्या दाराशी न जाता 'एंट्रीसेट'मधून आत शिरून नोंदी पुसू शकत होता. तपासणी झालीच नाही, कारण तपासणी ज्या दारावर होती तिकडे कुणी गेलंच नाही. नंतर हे दुरुस्त झालं. आज 'प्रोव्हायडर'ची 'एंट्रीसेट' फक्त वाचता येणारा संच देते.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय बोचतं सांगू? हॅशटेबल सनचं. प्रोव्हायडर सनचं. दोन्ही एकाच पॅकेटमधून, एकाच दिवशी ग्राहकाच्या हातात पडलेली. इथे कुणी अनोळखी कंपनी नव्हती, ज्यांना निरोप पाठवायचा राहिला. तरी हे घडलं. कारण हॅशटेबलमध्ये बदल करणाऱ्याला 'आपल्या खाली कोण कोण राहतं' हे सांगणारी पाटी कुठेच नसते. वरच्याला खालचा दिसत नाही, आणि खालच्याला वर काय वाढलं हे कुणी कळवत नाही. ब्लॉक हे स्वतः त्या कलेक्शन्स फ्रेमवर्कचे मुख्य रचनाकार. त्यांनीच पुढे पुस्तकात लिहून ठेवलं की हॅशटेबल आणि व्हेक्टर हे जुने क्लास नव्या चौकटीत बसवताना अशा जातीची काही सुरक्षा-भोकं बुजवावी लागली होती. इनहेरिटन्स जपून वापरा, शक्यतो दुसऱ्याची वस्तू आपल्या पोटात ठेवून वापरा, हा त्यांचा सल्ला हवेतून आलेला नाही.

(जाता जाता: तो राखणदार, सिक्युरिटी मॅनेजर, आता निवृत्त झाला आहे. जाव्हा २४ मध्ये त्याला कायमचं बंद केलं.)

आवाज करायला शिकवणं

ही दुखणी कळल्यावर भाषा बनवणारे गप्प बसले नाहीत. यात मला सर्वात शहाणा वाटतो तो अँडर्स हेल्सबर्ग, टर्बो पास्कल आणि डेल्फीवाला. मायक्रोसॉफ्टसाठी त्याने सी शार्प बनवली, २००२ मध्ये ती बाजारात आली. जाव्हात तुम्ही काही न लिहिता सोडलेली साधी मेथड ओव्हरराइड होऊ शकते. सी शार्पमध्ये उलट. मूळ क्लासवाल्याने 'व्हर्च्युअल' असं लिहून परवानगी द्यायची, आणि खालच्याने 'ओव्हरराइड' असं लिहून ती घ्यायची. दोन्ही सह्या असल्याशिवाय व्यवहार नाही.

याचा फायदा असा. समजा तुम्ही एका लायब्ररीच्या क्लासवरून आपला क्लास बनवला आणि त्यात 'सेव्ह' नावाची मेथड लिहिली. लायब्ररीत 'सेव्ह' नव्हतीच. दोन वर्षांनी लायब्ररीवाल्यांनी स्वतःची 'सेव्ह' आणली, योगायोगाने तुमच्यासारखीच दिसणारी, पण अर्थ वेगळा. जाव्हात तुमची 'सेव्ह' त्या क्षणापासून त्यांच्या 'सेव्ह'ला ओव्हरराइड करायला लागते. लायब्ररी आतून आपली 'सेव्ह' बोलावेल आणि चालेल तुमची. सी शार्पमध्ये तसं होत नाही. दोन्ही वेगळ्या राहतात, आणि पुढच्या वेळी कंपाइल करताना इशारा येतो की बाबा, वर याच नावाची मेथड आली आहे, तुझं काय म्हणणं आहे?

जाव्हाने २००४ मध्ये, पाचव्या आवृत्तीत, '@ओव्हरराइड' ही खूण आणली. सी प्लस प्लसने २०११ च्या मानकात 'ओव्हरराइड' शब्द घेतला. पण नीट बघा, जाव्हाची खूण अर्धंच काम करते. वरची मेथड गायब झाली किंवा तिचं नाव बदललं, तर ती ओरडते. वर नवी मेथड येऊन तुमची तिच्यावर नकळत बसली, तर ती गप्प, कारण तुम्ही खूण लावलीच नव्हती. आणि खूण लावायची सक्ती नाही.

पायथनमध्ये याचाच एक घरगुती नमुना आहे. थ्रेड थांबवण्यासाठी पोरं 'थ्रेड' क्लासवरून आपला क्लास बनवतात आणि त्यात 'अंडरस्कोअर स्टॉप' नावाचा झेंडा ठेवतात. पायथन २ मध्ये हे चालायचं. पायथन ३ मध्ये मूळ 'थ्रेड'च्या आतल्या एका खासगी मेथडचं नाव नेमकं हेच होतं. तुमच्या झेंड्याने ती झाकली जायची. प्रोग्रॅम सुरू व्हायचा, काम करायचा, आणि शेवटी 'जॉइन' केलं की 'ही वस्तू मेथडसारखी बोलावता येत नाही' असा एरर यायचा. शोधत बसा मग.

स्मूश

जाव्हास्क्रिप्टमध्ये तर २०१८ साली गंमतच झाली. भाषेत याद्यांसाठी 'फ्लॅटन' ही नवी मेथड यायची होती: यादीतल्या याद्या उलगडून सपाट करणारी. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घातली आणि निदान एक वेबसाइट मोडली. कारण होतं 'मूटूल्स', एके काळी लोकप्रिय असलेली जुनी लायब्ररी. तिच्याकडे स्वतःची 'फ्लॅटन' आधीपासून होती.

आता वाटेल, मूटूल्स आपली 'फ्लॅटन' ब्राउझरच्या 'फ्लॅटन'वर लिहिते, मग अडचण काय? अडचण बारीक आहे. भाषेच्या मूळ मेथड गणतीत न येणाऱ्या असतात. म्हणजे वस्तूचे सगळे गुणधर्म एकेक करून मोजत गेलं तर त्या दिसत नाहीत. मूटूल्सने त्याच नावावर आपली मेथड लिहिली तरी ती जागा गणतीबाहेरचीच राहिली. आणि मूटूल्स तर याद्यांच्या मेथड एकेक मोजूनच आपल्या 'एलिमेंट्स' या वस्तूवर कॉपी करायची. मोजणीत 'फ्लॅटन' सापडलीच नाही, कॉपी झाली नाही, आणि त्या वस्तूवर तिला बोलावणारी पानं कोसळली.

कुणीतरी थट्टेत सुचवलं की मग नाव 'स्मूश' ठेवा. त्या थट्टेवरून एवढा गदारोळ झाला की प्रकरणाचं नावच 'स्मूशगेट' पडलं. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, जुनी लायब्ररी आहे, मोडू द्या. पण ज्याची साइट मोडते त्याला बहुतेक वेळा मूटूल्स म्हणजे काय हेही माहीत नसतं. दहा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी बनवून घेतलेली असते, आणि बनवणारा कधीच दुसरीकडे गेलेला. शेवटी समितीने नाव बदलून 'फ्लॅट' केलं. याआधीही 'कंटेन्स' हे नाव अशाच कारणाने सोडून 'इन्क्लूड्स' घ्यावं लागलं होतं. जाव्हास्क्रिप्ट शिकताना 'हे असं विचित्र नाव का?' असा प्रश्न पडला असेल, तर काही वेळा उत्तर हे आहे.

तुमच्या खिशातला फोन

जाव्हाकडे परत येऊ, कारण ताजी घटना तिथलीच आहे. मार्च २०१४ मध्ये जाव्हा ८ आली आणि इंटरफेसमध्ये नव्या मेथड तयार मजकुरासकट घालायची सोय झाली. तोवर इंटरफेसला हात लावणं म्हणजे तो वापरणाऱ्या प्रत्येकाचा कोड मोडणं होतं. आता लायब्ररीवाल्यांचे हात मोकळे झाले. लगेच याद्यांना स्वतःची 'सॉर्ट' मिळाली. त्याच वर्षीच्या ८यू२० या सुधारित आवृत्तीत जुनी 'कलेक्शन्स.सॉर्ट' आतून यादीच्या 'सॉर्ट'ला बोलवायला लागली. ज्यांनी आपल्या यादीच्या 'सॉर्ट'मध्ये 'कलेक्शन्स.सॉर्ट'लाच बोलावलं होतं, त्यांचं काय झालं असेल? हा म्हणतो तू कर, तो म्हणतो तू कर. स्टॅक भरेपर्यंत.

आणि मग सप्टेंबर २०२३, जाव्हा २१. याद्यांना आणखी काही मेथड मिळाल्या, त्यातल्या दोन 'रिमूव्हफर्स्ट' आणि 'रिमूव्हलास्ट'. पहिली वस्तू काढा, शेवटची वस्तू काढा. २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये त्या फोनवर आल्या.

अँड्रॉइडची बरीच ॲप कोटलिन भाषेत लिहितात. कोटलिनमध्ये याच नावाच्या मेथड आधीपासून होत्या, पण त्या यादीच्या अंगात नव्हत्या. बाहेरून जोडलेल्या होत्या, 'एक्स्टेन्शन' म्हणून. कोटलिनचा नियम असा की वस्तूच्या अंगात त्याच नावाची मेथड असेल, तर बाहेरची मागे पडते आणि अंगातली जिंकते. नियम शहाणपणाचाच आहे. पण आता बघा काय झालं. डेव्हलपरने एक अक्षर बदललं नाही. फक्त नव्या अँड्रॉइड १५ च्या साधनांनी तेच ॲप परत कंपाइल केलं. काल 'रिमूव्हफर्स्ट' म्हणजे कोटलिनची, जी ॲपसोबतच जाते. आज 'रिमूव्हफर्स्ट' म्हणजे यादीच्या अंगातली, जी फोनमध्ये असावी लागते. कंपाइल झालं. डेव्हलपरच्या नव्या फोनवर चाललं. आणि अँड्रॉइड १४ किंवा त्याच्याही आधीच्या फोनवर त्या ओळीपाशी आलं की ॲप बंद: 'अशी मेथड सापडली नाही'.

म्हणजे फटका कुणाला? ज्याच्याकडे नवा फोन आहे त्याला नाही. आईच्या चार वर्षं जुन्या फोनला, दुकानात पेमेंटसाठी ठेवलेल्या हँडसेटला. आणि त्यांना दिसतं एवढंच की अपडेट केलं आणि ॲप उघडून बंद पडायला लागलं. मग घरातल्या तरुण माणसाला फोन येतो, 'अरे, हे बघ ना काय झालंय.' आपण 'स्टोरेज फुल असेल' म्हणून मोकळे होतो.

गूगलने आपल्या सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे, आणि उपायही साधा दिला आहे: 'रिमूव्हफर्स्ट'ऐवजी 'रिमूव्हॲट' वापरा आणि कंसात ० लिहा. दिसायला थोडं गावठी, पण ते आतून यादीच्या ज्या जुन्या 'रिमूव्ह' मेथडला बोलावतं ती सगळ्या फोनवर असते. ती जाव्हात कधी आली माहितीये? यादीचा तो इंटरफेस आला तेव्हा. १.२ मध्ये, डिसेंबर १९९८ ला, 'एंट्रीसेट'च्याच सोबत.